बडोद्यात रात्री-अपरात्री मनाचा त्रास हाताबाहेर गेला तर माणसाला न्यायचं कुठे?

डांडियाबाजारकर | रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत मध्यरात्र उलटल्यावर एक प्रसंग घडला. ओळखीतला तरुण मुलगा. नोकरी सुटलेली, बरेच दिवस कुणाशी धड बोलणं नाही. त्या रात्री त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि आईच्या मोबाईलवर निरोपाचा मेसेज पाठवला. खूप विनवण्या केल्यावर दार उघडलं. सुखरूप आहे. पण त्यानंतर जे झालं त्यानं मी अजून अस्वस्थ आहे. आम्ही सगळे जिन्यात उभे. एक म्हणतोय पोलिसांना बोलवा, दुसरा म्हणतोय पोलीस आले की केस होईल, पोराचं आयुष्य वाया जाईल. कुणीतरी कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाचं नाव काढलं तर त्याची आई रडायलाच लागली. शेवटी "सकाळी बघू" म्हणून सगळे पांगले आणि ती माउली रात्रभर त्याच्या दाराशी बसून राहिली.

त्याच मुलाच्या छातीत दुखलं असतं तर याच मंडळींनी पायात चपला न घालता गाडी काढली असती. ही वेळही तितकीच तातडीची असते असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून विचारतोय: अशा वेळी पहिला फोन कुणाला? गाडी कुठली? हॉस्पिटल कुठलं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अक्षर_अकोटा | रात्री ९:५८

१४४१६, टेली मानस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केलेली सेवा आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठी-गुजराती-हिंदी तिन्हींत बोलता येतं. १८००-८९१-४४१६ हा नंबरही त्यांचाच. आधी समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. ज्याला त्रास होतोय त्यानंच फोन करायला हवा असंही नाही. आपण शेजारच्या खोलीतून फोन लावून "आत्ता मी काय करू" एवढं विचारलं तरी चालतं.

मंजिरी_मांजलपूर | रात्री १०:०५

+१. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह केला.

नर्मदे_हर | रात्री १०:२२

माझं मत थोडं वेगळं आहे. फोनवरच्या परक्या माणसाला आपल्या घरातलं काय कळणार? आमच्या रावपुऱ्याच्या वाड्यात असं काही झालं की वडीलधारं माणूस जवळ जाऊन बसायचं, पाठीवरून हात फिरवायचं, गरम दूध द्यायचं. रात्र सरली की निम्मा त्रास सरतो. आणि रात्री दोन वाजता सयाजी हॉस्पिटलची ती गर्दी, अपघाताचे रुग्ण, आरडाओरडा... आधीच घाबरलेल्या मुलाला तिथे नेऊन आणखी घाबरवायचं का?

निवृत्त_सिस्टर | रात्री १०:५१

काका, जवळ बसायचं आणि पाठीवरून हात फिरवायचा, हे अगदी बरोबर. पण "रात्र सरू द्या" हे मी कुणालाही सांगणार नाही. माझी अख्खी नोकरी वॉर्डात गेली, त्यातली बरीच वर्षं तातडीच्या विभागात. सकाळपर्यंत थांबलेल्या घरांची अवस्था मी पाहिलेली आहे.

माणसानं स्वतःला काही केलं असेल, नुसती शंका जरी असली, तरी आधी फोनवर समुपदेशन करत बसू नका आणि मानसोपचारतज्ज्ञही शोधत बसू नका. थेट १०८ लावा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. बडोद्यात म्हणजे सयाजी, किंवा तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर गोत्रीचं सरकारी. उलटी करवायची नाही. मीठ-पाणी पाजायचं नाही. रिकामी पाकिटं, बाटल्या जे काही सापडेल ते पिशवीत घालून डॉक्टरांच्या हातात द्या. "आता बरा दिसतोय" म्हणून घरी ठेवू नका, काही औषधांचा परिणाम दोन दिवसांनी दिसायला लागतो.

काही केलेलं नाही, पण बोलण्यातून जाणवतंय, तर सरळ विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" विचारल्यामुळे ते डोक्यात भरतं असं लोकांना वाटतं, पण तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" आलं आणि कसं, केव्हा हेही त्यानं ठरवलेलं असलं, तर त्याच रात्री हॉस्पिटल. तोपर्यंत त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. बाथरूमला गेला तर कडी लावू द्यायची नाही. घरातली सगळी औषधं आणि धोक्याच्या वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायच्या.

सयाजीत गर्दी असते हे खरं आहे. म्हणून दोन माणसं हवीतच. एकानं केस पेपर काढायचा, औषधांच्या खिडकीशी पळायचं, डॉक्टरांना माहिती द्यायची. दुसऱ्यानं रुग्णाचा हात धरून बाकावर बसायचं आणि तिथून हलायचंच नाही. नेहमी नातेवाईक चौघे-पाचजण येतात आणि सगळेच खिडकीशी उभे राहतात. बाकावर रुग्ण एकटा. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि ते मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मानसोपचार विभागाचे निवासी डॉक्टर बोलावता येतात. तसं स्पष्ट सांगून मागा.

नर्मदे_हर | रात्री ११:०४

सिस्टर, तुमच्या वॉर्डात आमच्या हिच्यासारख्या माणसांचीही बोलती बंद होत असणार! पटलं बरंचसं. दूध मात्र मी देणार.

निवृत्त_सिस्टर | रात्री ११:०७

द्या काका. काही गिळलं असल्याची शंका असेल तेव्हा मात्र तोंडावाटे काहीही नको, दूधही नको.

मंजिरी_मांजलपूर | रात्री ११:३०

मला वेगळ्या तऱ्हेच्या तातडीबद्दल लिहायचंय, कारण सगळं दुःखातूनच सुरू होतं असं नाही. माझा मामेभाऊ विशीतला. नवरात्रात गरब्याला जायचा, पहाटे यायचा. बडोद्यात नऊ रात्री सगळं गावच जागतं, त्यात हा झोपत नाही हे कुणाच्या लक्षात येणार? पण तो दिवसाही झोपत नव्हता. चणियाचोळीचा धंदा काढतो म्हणून उधारीवर कापडाचे तागेच्या तागे आणून दिवाणखान्यात रचले. बोलणं इतकं भरभर की एका वाक्यातून दुसऱ्यात उडी. मामीला वाटलं पोरगं उत्साहात आहे. दसऱ्याला त्यानं मामांची स्कूटर काढली आणि हायवेला सुसाट निघाला, "मला काही होऊ शकत नाही" असं ओरडत. लोकांनी अडवलं म्हणून वाचला.

डॉक्टरांनी तो उन्माद असल्याचं सांगितलं, बायपोलर आजारातला. झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. न झोपता माणूस ताजातवाना, वर अंगात दहा जणांचा जोर, असं दिसलं की उत्सव आहे म्हणून सोडून देऊ नका.

गोत्री_रोड | रात्री ११:४६

तुम्ही त्याला नेलं कसं? अशा अवस्थेत माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणतो. आमच्या काकूंना "गरुडेश्वरला दर्शनाला जाऊ" असं सांगून गाडीत बसवलं आणि दवाखान्यात उतरवलं. काम झालं, पण त्या आजही आमच्या गाडीत बसत नाहीत.

मंजिरी_मांजलपूर | रात्री ११:५९

आम्ही खोटं बोललो नाही. धंद्यावरून वाद घालत बसलो नाही की "तू आजारी आहेस" असंही म्हटलं नाही. त्याचा जवळचा मित्र म्हणाला, "तू किती दिवस झोपला नाहीस, डोळे बघ तुझे. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू, मी येतो बरोबर." झोपेचं त्यालाही पटलं.

निवृत्त_सिस्टर | सकाळी ६:१५

मंजिरीताईंच्या भावाच्या मित्राला माझा नमस्कार कळवा. हेच हवं. आणि कृपा करून कुणीही दोरी, ओढणी, साडी यांनी बांधू नका. बांधलेल्या माणसाचा श्वास कोंडतो, हातापायाच्या नसा दुखावतात.

रावपुऱ्यातला_वकील | सकाळी ९:१०

धागाकर्त्यांच्या जिन्यातली चर्चा पोलीस केसवर येऊन अडली, म्हणून कायद्याचं सांगतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं, लोकांच्या डोक्यात बसलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम राहिलेलंच नाही. सरकारी नोकराला दबावाखाली आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो गुन्हा आता उरलाय, आणि तो आपल्या विषयाशी संबंधित नाही. हॉस्पिटलवाले एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवतील, पोलीस येऊन जबाब घेतील. ती नोंद आहे. त्यानं मुलाचं आयुष्य वाया जात नाही.

दुसरं, कलम ९४. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, त्याला मानसोपचारतज्ज्ञच असावं लागत नाही. मर्यादा ७२ तास. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, पण कुणी हजर नाही म्हणून उपचार अडत नाहीत. हा प्रतिनिधी माणसानं स्वतः, बरा असताना, साध्या कागदावर नाव लिहून सही करून ठरवता येतो. ज्यांच्या घरी जुना आजार आहे त्यांनी हा कागद आजच करून ठेवावा.

पोलीस लागलेच तर ११२. पण तेही कलम १०० नं बांधलेले आहेत. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावंच लागतं.

गोत्री_रोड | सकाळी ९:३८

वकीलसाहेब, कागदावर सगळं छान आहे हो. माझ्या पुतणीला रात्री एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, नाव लिहीत नाही. गेटवरच्या माणसानं ऐकलं आणि म्हणाला "पोलीस केस आहे, सरकारीत जा." डॉक्टर बाहेरसुद्धा आले नाहीत. तिथून सयाजीला जाईपर्यंत जो वेळ गेला तो आमच्या घरातलं कुणी विसरणार नाही. पुतणी वाचली. पण राग आहे मनात.

रावपुऱ्यातला_वकील | सकाळी ९:५५

राग रास्त आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. गेटवर वाद घालायला वेळ नसतो हेही खरं. "प्राथमिक उपचार करून तुमच्याच अँब्युलन्सनं पाठवा, नाकारत असाल तर लेखी द्या" एवढं एक वाक्य मोठ्यानं म्हणा. बहुतेक वेळा आतून कुणीतरी येतं.

अक्षर_अकोटा | सकाळी १०:२०

म्हणूनच १०८ बरी. गुजरातेत २००७ पासून आहे आणि मोफत आहे. आत प्रशिक्षित माणूस असतो, "पायलट"ला, म्हणजे चालकाला, रस्ते माहीत असतात, आणि १०८ मधून आलेल्या रुग्णाला दारातून परत पाठवणं सोपं नसतं. फोनवर "डोकं फिरलंय", "वेडेपणा करतोय" असं सांगू नका. "बेशुद्ध होतोय", "गोळ्या घेतल्याची शंका आहे", "स्वतःला इजा करतोय" असं जे डोळ्यांसमोर दिसतंय ते सांगा, आणि खूण म्हणून जवळचं देऊळ किंवा चौक. सोसायटीतल्या एकानं गेटवर उभं राहायचं. आमच्याकडच्या वळणावर गाड्या नेहमी चुकतात.

मूळचा_बडोदेकर | सकाळी ११:१२

मी पुण्यात, आईबाबा निझामपुऱ्यात. परगावच्या लोकांसाठी महत्त्वाचं: पुण्यातून १०८ लावलं की महाराष्ट्राचं केंद्र लागतं, ते बडोद्यात गाडी पाठवू शकत नाही. त्यामुळे गाडी बडोद्यातल्याच कुणीतरी बोलवायला हवी. मी आईबाबांच्या मजल्यावरच्या दोन घरांशी हे बोलून ठेवलंय, एक मराठी, एक पटेल कुटुंब. पटेलकाकांकडे घराची किल्ली आहे. त्यांना आईच्या औषधांच्या फाईलचा कप्पाही दाखवलाय.

नर्मदे_हर | दुपारी १२:४०

गरुडेश्वरचा उल्लेख वर आला म्हणून. टेंब्येस्वामींची समाधी आहे तिथे, आमच्या घराण्याची श्रद्धा. दत्ताच्या ठिकाणी मन शांत होतं हा माझा स्वतःचा अनुभव आहे, तो कुणी नाकारू नये. पण भुवा म्हणजे मांत्रिक, धागेदोरे, अंगारे सांगून गोळ्या बंद करायला लावणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा हेही मीच सांगतो. मेहसाण्याकडे उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचे डॉक्टर बसतात. दवा-दुआ म्हणतात त्याला. मुजावर स्वतः लोकांना डॉक्टरांकडे पाठवतात. श्रद्धा अशी असावी.

गोत्री_रोड | दुपारी १२:५२

काका, यावर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

संकोच | दुपारी ३:०५

नवीन आयडी काढून लिहितेय. घरातलं माणूस बरीच वर्षं पितं. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे कुणाला सांगायचीही चोरी. श्रावण लागला म्हणून एकदम सोडली. दोन दिवस झाले, हात थरथरतात, घाम येतो, काल रात्री भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून झाडू घेऊन उठले. दवाखान्यात दारूचं सांगितलं तर अडकू का?

निवृत्त_सिस्टर | दुपारी ३:११

ताई, आत्ता न्या. संध्याकाळची वाट बघू नका. दारू एकदम सोडल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हे होतं. यात झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांना सगळं खरं सांगा: किती, किती वर्षं, शेवटची केव्हा. त्यांना बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं असतं, गोळ्यांचा डोस ठरवायचा असतो. तुम्ही लपवलंत तर त्यांना चुकीचा आजार दिसेल.

रावपुऱ्यातला_वकील | दुपारी ३:२०

तुम्ही उपचारासाठी नेताय. सोडल्यानंतरचं दुखणं आहे हे. निर्धास्त सांगा.

संकोच | दुपारी ३:२६

१०८ लावलीये.

पुनश्च | सायंकाळी ५:४८

सगळा धागा वाचला. इथे लिहिणारे बहुतेक नेणारे आहेत. मला दोनदा नेलं गेलंय, म्हणून त्या बाजूनं लिहितो.

त्या वेळी माझ्याभोवती सहा माणसं होती आणि सहाही बोलत होती. "तुला काय कमी आहे", "आईचा विचार कर", "आमच्या वेळी तर...". मला एकही वाक्य धड ऐकू येत नव्हतं, फक्त आवाज. आईचा विचार मी करतच होतो, माझ्यामुळे तिला त्रास होतोय हाच विचार होता. ते वाक्य मला आणखी खोल घेऊन गेलं. मग माझ्या आत्येनं सगळ्यांना बाहेर काढलं, ट्यूबलाइट बंद करून छोटा दिवा लावला आणि म्हणाली, "मी इथे आहे. काही बोलू नकोस. थोड्या वेळानं आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." तेवढंच. गाडीतही ती मागे माझ्या शेजारी बसली.

कारेलीबागच्या मानसिक आरोग्य रुग्णालयाच्या नावानं लोक घाबरतात. मी तिथल्या ओपीडीत जातो. सकाळी बाकांवर शिक्षक असतात, दुकानदार असतात, बाळाला मांडीवर घेतलेल्या बायका असतात. मागच्या खेपेला माझ्या शेजारी एक आजोबा केळं सोलून नातवाला भरवत होते. नातवाची तपासणी होती, आजोबा बोडेलीहून पहिल्या बसनं आले होते. धागाकर्त्यांनी त्या मुलाच्या आईला हे सांगावं. आणि त्या रात्री तो वाचला म्हणून विषय संपला असं समजू नये. पुढचे काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. त्याला डॉक्टरांची तारीख आणि बरोबर जाणारं माणूस, दोन्ही लागेल.

डांडियाबाजारकर | सायंकाळी ६:३०

पुनश्च, मनापासून आभार. मुलाला परवा त्याचा मामा मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेला, पुढच्या आठवड्याचीही वेळ घेतलीये. तुमचं लिहिलेलं त्याच्या आईला आज वाचून दाखवतो.

आमच्या लिफ्टशेजारी एक कागद लावायचा विचार आहे. १०८ आणि १४४१६ मोठ्या अक्षरांत, खाली ११२. घरात मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१ अभयम, तिथे समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन घरी येतात. मुलांसाठी १०९८. शिवाय प्रत्येक मजल्यावरच्या, रात्री उठवलं तरी चालेल अशा एका घराचा नंबर. सिस्टर, आणखी काय?

निवृत्त_सिस्टर | सायंकाळी ६:४४

गुजरातीत आणि हिंदीतही लिहा. आणि एक ओळ टाका: बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाई अचानक असंबद्ध बोलायला लागली, झोपेनाशी झाली, बाळाबद्दल विचित्र काही म्हणू लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. दृष्ट काढत बसू नका. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, आणि तिला दोषही देऊ नका.

अक्षर_अकोटा | सायंकाळी ७:०२

गुजराती मजकूर मी करून देतो.

वाघोडिया_रोड | रात्री ८:१७

सिस्टर, घाईत विचारते. सासूबाई ७८. कालपासून मला ओळखत नाहीत, गेलेल्या सासऱ्यांशी बोलतायत, मध्येच झोपतात. आधी असं कधीच नव्हतं. १४४१६ लावू की मानसोपचारतज्ज्ञांकडे नेऊ?

निवृत्त_सिस्टर | रात्री ८:२१

दोन्ही नको. म्हातारपणी असं अचानक झालं तर आधी शरीरात बिघाड शोधायचा: लघवीचा संसर्ग, साखर, सोडियम, न्यूमोनिया, नवीन सुरू केलेलं औषध. जनरल हॉस्पिटल, आज रात्रीच. घरी यंत्र असेल तर साखर आत्ता तपासा. सगळ्या गोळ्या सोबत घ्या.

वाघोडिया_रोड | रात्री ११:५०

दाखल केलं. सोडियम ११८ निघालं, खूपच कमी. बीपीची नवी गोळी सुरू झाली होती, डॉक्टरांना तीच शंका आहे. सलाईन हळूहळू चढवतायत. हे परगावी आहेत, मी एकटीच आहे इथे.

मंजिरी_मांजलपूर | रात्री ११:५६

कुठल्या हॉस्पिटलात ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. मी आणि माझे मिस्टर निघतोय. डबा आणते, चादर आहे का तुमच्याकडे?